वाचकांचे प्रश्न : तुमची वेबसाइट डोळे मिटून चालते का?

अंध, कर्णबधिर किंवा हातांनी माउस धरू न शकणाऱ्या माणसाला आपली वेबसाइट वापरता यावी यासाठी नेमके काय करायचे, यावर प्रश्न पाठवा असे आम्ही वाचकांना सांगितले होते. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत. नावांऐवजी विचारणाऱ्यांचे काम आणि गाव तेवढे ठेवले आहे.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेची साइट एका ओळखीच्या मुलाने करून दिली. ती दिव्यांग सभासदांना वापरता येते की नाही, हे संगणकातले फारसे न कळणाऱ्या माणसाने कसे तपासायचे?
– सचिव, सातारा

उत्तर : पहिली तपासणी फुकट आहे आणि पंधरा मिनिटांत होते. माउस उचलून बाजूला ठेवा. मुखपृष्ठ उघडा आणि टॅब कळ दाबत चला. प्रत्येक दाबणीला तुम्ही आत्ता कोणत्या लिंकवर किंवा बटणावर आहात हे पडद्यावर दिसले पाहिजे. त्याच्याभोवती चौकट उमटते, तिला फोकस म्हणतात. चौकट दिसतच नसेल, तर बहुतेक वेळा करणाऱ्याने ‘आउटलाइन : नन’ अशी एक ओळ टाकून ती मुद्दाम काढलेली असते. चौकट दिसायला ओबडधोबड वाटते म्हणून ती घालवतात. माउसवाल्याचे त्यात काही बिघडत नाही, कीबोर्डवर चालणाऱ्याला मात्र अंधाऱ्या जिन्यात सोडल्यासारखे होते. ती ओळ काढा, किंवा तिच्या जागी स्वतःची दोन-तीन पिक्सेल जाडीची ठळक चौकट द्या.

टॅबने पुढे, शिफ्ट आणि टॅबने मागे, एंटरने लिंक उघडते, स्पेसने बटण दाबले जाते आणि चौकोनात टिकमार्क होतो, एस्केपने पॉपअप बंद होतो. एवढ्या कळांवर पूर्ण काम झाले पाहिजे. ‘काम’ म्हणजे मुखपृष्ठ पाहणे नव्हे. कर्जाचा अर्ज उघडा, भरा, पाठवा, पोच मिळवा. साधारण तीन ठिकाणी गाडी अडते. ‘ठेव योजना’वर माउस नेला की खाली उघडणारा मेनू कीबोर्डने उघडतच नाही. जाहिरातीचा पॉपअप उघडतो, पण टॅब त्याच्या मागच्या पानावर फिरत राहतो. आणि वर चिकटून राहणाऱ्या पट्टीखाली फोकस झाकला जातो. तिसऱ्याला ‘स्क्रोल-पॅडिंग-टॉप’ हा सीएसएसचा (पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडचा) गुण पट्टीच्या उंचीइतका दिला की बहुधा भागते.

मग कंट्रोल आणि अधिक चिन्ह दाबत पान ४०० टक्के मोठे करा. मजकूर एकाच रकान्यात खाली वाहत गेला पाहिजे. प्रत्येक ओळ वाचायला पान डावी-उजवीकडे सरकवावे लागले, तर मोठ्या अक्षरांची गरज असलेला माणूस दुसऱ्याच परिच्छेदात कंटाळतो. मोबाइलवर दोन बोटांनी पान मोठे होते ना, तेही पाहा. काही तयार साच्यांत ‘यूजर-स्केलेबल’ला ‘नो’ लिहून ठेवलेले असते. ते काढायला एक मिनिट लागते.

शेवटी कान लावायचा. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, मोफत मिळतो. उतरवून चालू केल्यावर तो ‘इन्स्टॉल करा’, ‘पोर्टेबल प्रत करा’ आणि ‘तसाच चालू ठेवा’ असे पर्याय देतो. तपासणीपुरता शेवटचा पुरतो. ‘टूल्स’ मेनूत ‘स्पीच व्ह्यूअर’ सुरू करा, म्हणजे तो जे बोलतो ते एका खिडकीत लिहूनही येते. डोळस तपासनिसाला याचा मोठा आधार आहे. एच दाबत चला म्हणजे फक्त मथळे ऐकू येतील, के दाबले की लिंका, एफ दाबले की अर्जाचे रकाने. बोलणे थांबवायला कंट्रोल, बाहेर पडायला इन्सर्ट आणि क्यू. एच दाबल्यावर ‘पुढे मथळा नाही’ असे आले, तर पानावरचे मथळे नुसते मोठे आणि ठळक केलेले आहेत, त्यांना मथळ्याचा टॅग, म्हणजे ‘हा मथळा आहे’ असे यंत्राला सांगणारी कोडमधली खूण, दिलेला नाही. सराईत अंध वाचक पान पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत बसत नाही. तुम्ही जशी मथळ्यांवरून नजर फिरवता, तसा तो एच दाबत जातो. मथळेच नसतील तर त्याला सगळे पान ऐकणे भाग पडते.

आणि के दाबल्यावर ‘अधिक वाचा, अधिक वाचा, अधिक वाचा’ ऐकू आले, तर काय बदलायचे ते वेगळे सांगायला नको.

प्रश्न : आमच्या साप्ताहिकाच्या साइटवर मजकूर मराठी दिसतो, पण एका अंध वाचकाने कळवले की त्यांच्या संगणकावर तो इंग्रजी अक्षरांसारखा, अर्थहीन ऐकू येतो. असे का?
– उपसंपादक, लातूर

उत्तर : दुखणे दोनपैकी एक आहे, कदाचित दोन्हीही.

पहिले, जुना फॉन्ट. साइटवरची एक ओळ कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे देवनागरी राहिली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत आहे. रोमन अक्षरांचा चिवडा झाला तर तो कृतिदेव, शिवाजी किंवा तत्सम फॉन्टमध्ये आहे. या फॉन्टांत ‘म’ नावाचे अक्षर आत साठवलेलेच नसते. रोमन अक्षरालाच देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. कृतिदेवात ‘महारा’ एवढी अक्षरे आत ‘ई, जी, के, जे, के’ अशी असतात. डोळ्यांना मुखवटा दिसतो, स्क्रीन रीडरला मुखवट्यामागचे ऐकू येते. गुगलच्या शोधातही असा मजकूर सापडत नाही, म्हणजे नुकसान फक्त अंध वाचकाचे नाही.

उपाय एकच, मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा. त्यासाठी मोफत परिवर्तक मिळतात. पण परिवर्तनानंतर मुद्रितशोधन टाळू नका, आणि ते कुठे करायचे हे माहीत असले की वेळ वाचतो. रफार चुकीच्या अक्षरावर बसतो, ‘सर्व’चे ‘र्सव’ होते. पहिली वेलांटी जोडाक्षराच्या मध्येच घुसते. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र नाहीसा होतो किंवा रफार बनतो. ‘ॲ’ कधी एकाच संकेताचा येतो, कधी ‘अ’ला चंद्र जोडून, दिसायला सारखेच, पण शोधताना दोन वेगळे शब्द. आणि अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग. हा तर मराठी टंकलेखनाचा जुनाच रोग. ‘वेळः सकाळी १०’ असे लिहिले की डोळ्यांना काही खटकत नाही, स्क्रीन रीडर मात्र प्रामाणिकपणे ‘वेळह’ म्हणतो. संपूर्ण साइटवर विसर्ग शोधा. ‘स्वतः’, ‘दुःख’, ‘पुनः’, ‘अंतःकरण’ असे खरे विसर्ग सोडून बाकीचे बदला. ‘सगळे बदला’वर एकदम बोट ठेवू नका, नाहीतर ‘दु:ख’ होऊन बसेल.

दुसरे दुखणे म्हणजे भाषेची खूण. पानाच्या एचटीएमएल टॅगमध्ये ‘लँग’ नावाचा गुण असतो. परदेशी साचा वापरला की तो ‘ईएन’ राहतो आणि यंत्र समजते की मजकूर इंग्रजी आहे. काही इंग्रजी आवाज देवनागरी अक्षरे चक्क गाळतात, फक्त आकडे आणि मधले इंग्रजी शब्द वाचतात. मराठीसाठी हा गुण ‘एमआर’ हवा. वर्डप्रेसमध्ये ‘सेटिंग्ज’, मग ‘जनरल’ आणि तिथे साइटची भाषा मराठी निवडली की तो आपोआप बदलतो. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ईस्पीक या यंत्रात मराठी आवाज आहे. थोडा यांत्रिक आहे, पण मराठी आहे, आणि खूण बरोबर असेल तर वाचक काहीही न करता तो लागतो. ‘देवनागरी तर आहे’ म्हणून ‘एचआय’ ठेवणारेही आहेत. मग मराठी बातमी हिंदी आवाजात ऐकावी लागते.

पानात पूर्ण इंग्रजी परिच्छेद किंवा वाक्य असेल तर तेवढ्यापुरता ‘ईएन’ द्या. ‘बस’, ‘टेबल’, ‘ऑनलाइन’ असल्या शब्दांना देऊ नका, ते आता मराठीच आहेत. या खुणेचा एक वरकड फायदा : ज्या फॉन्टांत सोय आहे, त्यांत ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणाची अक्षरे दिसू लागतात.

प्रश्न : परिपत्रके आणि अहवाल आम्ही पीडीएफ करून साइटवर ठेवतो. तेवढे पुरे ना?
– लिपिक, शिक्षण संस्था, अहिल्यानगर

उत्तर : पीडीएफ कशी झाली यावर आहे. सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून ठेवलेली पीडीएफ म्हणजे फोटो. स्क्रीन रीडर तिथे ‘रिकामे पान’ म्हणून गप्प बसतो.

मूळ फाइल वर्डमध्ये असते, तिथूनच सुरुवात करा. मथळ्यांना ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ या शैली द्या, नुसता ठळकपणा नको. तक्त्याच्या पहिल्या ओळीवर ‘रिपीट हेडर रो’ लावा. रिकाम्या जागा मारून रकाने जुळवले असतील तर खरा तक्ता करा. सगळा मजकूर निवडून ‘प्रूफिंग लँग्वेज’ मराठी ठेवा. मग ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ निवडा आणि ‘ऑप्शन्स’मध्ये ‘डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर ॲक्सेसिबिलिटी’वर टिक आहे ना, ते बघा. ‘प्रिंट’मध्ये जाऊन पीडीएफ करू नका. तो मार्ग कागदासाठी आहे. त्यात मथळे, तक्ते, पर्यायी मजकूर अशी सगळी रचना गळून पडते.

एवढे करूनही देवनागरीत एक खोड उरते. पीडीएफमध्ये अक्षरांची चित्रे कोणत्या क्रमाने मांडली ते साठवले जाते, आणि वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते. फाइल नीट झाली नसेल तर ‘विद्यार्थी’ आतून भलताच निघतो. म्हणून पुन्हा तीच नोटपॅडची चाचणी : पीडीएफमधून तीन-चार ओळी कॉपी करा, चिकटवा, वाचा. जोडाक्षरे शाबूत असतील तरच फाइल चढवा.

जुनी स्कॅन केलेली परिपत्रके असतील तर गुगल ड्राइव्हवर चढवून ‘गुगल डॉक्सने उघडा’ म्हटले की मराठी मजकूर बराच ओळखला जातो. स्कॅन ३०० डीपीआयचे आणि सरळ हवे. तारखा, रकमा आणि नावे माणसाने मूळ कागदाशी ताडून पाहायचीच.

आमचे मत विचाराल तर परिपत्रकाचा मजकूर साध्या वेबपानावर द्या आणि सहीची पीडीएफ त्याखाली जोडा. मोबाइलवर वाचणाऱ्या पालकांची त्यात जास्त सोय होते.

प्रश्न : ग्राहकाला साइट भगव्या-पांढऱ्यात हवी आहे. रंगांचे नियम सांभाळून ते जमते का?
– वेब डिझायनर, कोल्हापूर

उत्तर : जमते, पण पांढऱ्यावर भगवी अक्षरे लिहून नाही. नियम डब्ल्यूसीएजी या वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचे आहेत. २.० ही आवृत्ती २००८ ची, २.१ ही २०१८ ची आणि २.२ ही ऑक्टोबर २०२३ ची. मधल्या, म्हणजे ‘एए’ पातळीवर साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी उठाव, म्हणजे कॉन्ट्रास्ट, किमान ४.५ : १ हवा. मोठ्या अक्षरांना, म्हणजे २४ पिक्सेलच्या पुढे किंवा साधारण १९ पिक्सेल ठळक असतील तर, ३ : १ चालतो. रकान्यांच्या चौकटी आणि अर्थ सांगणारी चिन्हे यांनाही ३ : १.

आता तुमचा भगवा. एफएफ९९३३ या संकेताचा रंग (वेबवर रंग असे सहा खुणांनी लिहितात) पांढऱ्यावर २.१ : १ एवढाच भरतो. भगव्या बटणावर पांढरी अक्षरेही तेवढीच, कारण उलटसुलट केल्याने गुणोत्तर बदलत नाही. त्याच भगव्यावर काळी अक्षरे घातली की ९.८ : १ होते. म्हणजे भगवा पार्श्वभूमीला ठेवा आणि त्यावर गडद लिहा. पांढऱ्यावर भगव्या छटेचीच अक्षरे हवी असतील तर बी८४७०० सारख्या गडद नारिंगीपर्यंत उतरावे लागेल, तो ५.३ : १ देतो. मरून, ८०००००, पांढऱ्यावर जवळजवळ ११ : १ भरतो आणि हळदी पिवळ्यावर, एफएफसीसी००, ७.२ : १. लग्नपत्रिकेची ही जुनी जोडी आजच्या नियमांत आरामात बसते. शुद्ध लाल मात्र पांढऱ्यावर ४ : १ लाच थांबतो, थोडक्यात नापास.

फिकट करड्या अक्षरांची हौस असेल तर ७६७६७६ ही शेवटची पायरी, ४.५४ : १. ७७७७७७ ला ४.४८ मिळतात, तो नापास. एवढ्या काठावर चालू नका. देवनागरीत मात्रा, अनुस्वार, रुकार बारीक असतात, आणि पातळ वजनाच्या फॉन्टमध्ये कागदावर पास झालेला रंगही उन्हातल्या मोबाइलवर पुसट होतो. ५९५९५९ घ्या, ७ : १ मिळतात.

रंगाइतकाच त्रास अक्षरांतल्या मोकळ्या जागेने होतो. इंग्रजी साच्यांत मथळ्यांना ‘लेटर-स्पेसिंग’ दिलेले असते; देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांची माळ होतो. मराठीसाठी ते शून्य करा. ओळींमधले अंतर १.५ पट किंवा थोडे जास्त ठेवा. बटणांना ठरावीक उंची देऊ नका, नाहीतर अक्षरे मोठी केल्यावर वरची वेलांटी आणि खालचा उकार छाटला जातो. ‘मुली’ची ‘मली’ झालेली बटणे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

प्रश्न : अर्ज, ओटीपी, कॅप्चा. तक्रारी इथेच सगळ्यात जास्त येतात. नेमके कुठे चुकते?
– डेव्हलपर, नाशिक

उत्तर : क्रमाने जाऊ, कारण वापरणाराही याच क्रमाने अडकतो.

रकान्याचे नाव. रकान्याच्या आत फिकट अक्षरांत ‘मोबाइल क्रमांक’ लिहिले आणि बाहेर काहीच नाही, हा पहिला घोटाळा. टंकायला लागल्यावर ते शब्द नाहीसे होतात आणि आपण काय भरत होतो हे विसरायला होते. रकान्याशेजारी नाव लिहिले, पण जोडले नाही, हा दुसरा. डोळ्यांना शेजार दिसतो, यंत्राला नाही. एनव्हीडीए अशा रकान्यावर ‘एडिट, ब्लँक’ एवढेच बोलतो. आठ रकाने, आठ वेळा ‘एडिट, ब्लँक’. लेबल टॅगचा ‘फॉर’ आणि रकान्याचा ‘आयडी’ एकच ठेवला की तोच स्क्रीन रीडर ‘मोबाइल क्रमांक, एडिट, ब्लँक’ म्हणतो. एकच आयडी दोन रकान्यांना चिकटवून दिल्याने लेबल चुकीच्या जागी जाते, कॉपी-पेस्ट करताना हे हमखास होते. ‘पुरुष, स्त्री, इतर’ अशा गोल बटणांना प्रत्येकी लेबल हवेच, शिवाय सगळ्यांभोवती ‘फील्डसेट’ आणि त्यात ‘लिंग’ असा ‘लेजंड’ हवा.

बटण. ‘डिव्ह’ या साध्या डब्याच्या टॅगला क्लिक जोडून बटणासारखे रंगवू नका. त्यावर टॅब थांबत नाही, एंटर चालत नाही, आणि ते बटण आहे हे कोणी सांगत नाही. हे तिन्ही हाताने जोडता येते, पण खरा ‘बटन’ टॅग वापरला तर काहीच जोडावे लागत नाही. बोटाने दाबायच्या गोष्टी किमान २४ गुणिले २४ पिक्सेल हव्यात हा डब्ल्यूसीएजी २.२ मधला नियम आहे. हात थरथरणाऱ्यांसाठी ४४ ठेवा.

चूक दाखवणे. पाठवल्यावर रकान्याची चौकट लाल झाली आणि बाकी शांतता, असे नको. रकान्याखाली शब्दांत लिहा : ‘पिनकोड ६ अंकी हवा, तुम्ही ५ अंक लिहिले आहेत.’ तो मजकूर ‘एरिया-डिस्क्राइब्डबाय’ने रकान्याला जोडा, ‘एरिया-इनव्हॅलिड’ला ‘ट्रू’ करा आणि फोकस पहिल्या चुकलेल्या रकान्यावर न्या. भरलेली बाकीची माहिती पुसू नका. ‘अवैध इनपुट’ हा शब्दप्रयोग कायमचा हद्दपार करा.

अंकांचे एक खास मराठी प्रकरण आहे. देवनागरी कीबोर्ड चालू असताना माणूस ९८ असे देवनागरी अंक टंकतो आणि अर्ज म्हणतो, ‘फक्त अंक लिहा’. जावास्क्रिप्टमधली अंक ओळखण्याची नेहमीची खूण फक्त इंग्रजी अंक ओळखते, म्हणून. प्रत्येक देवनागरी अंकाच्या युनिकोड क्रमांकातून २४०६ वजा केले की ० ते ९ मिळतात. दोन ओळींचे काम आहे, पण ज्याला कीबोर्ड बदललेला दिसत नाही, त्याचा अर्धा तास वाचतो.

ओटीपी. सहा अंकांसाठी सहा डबे करण्याची फॅशन आहे. प्रत्येक डब्यावर स्क्रीन रीडर वेगळा थांबतो, एक अंक चुकला तर कोणता ते कळत नाही आणि चिकटवलेला ओटीपी बऱ्याचदा पहिल्याच डब्यात अडकतो. एकच रकाना ठेवा, प्रकार ‘टेक्स्ट’, ‘इनपुटमोड’ला ‘न्यूमेरिक’ आणि ‘ऑटोकम्प्लीट’ला ‘वन-टाइम-कोड’. प्रकार ‘नंबर’ ठेवू नका, पुढचे शून्य गळू शकते. चिकटवण्यावर बंदी घालू नका, पासवर्डच्या रकान्यातही नाही. आणि तीस सेकंदांचे घड्याळ लावताना आठवा, की एका माणसाला आलेला संदेश उघडायचा, ऐकायचा, लक्षात ठेवायचा आणि परत येऊन टंकायचा आहे. मुदत संपली तर ‘पुन्हा पाठवा’ म्हटल्यावर अर्ज जसाच्या तसा राहिला पाहिजे. ‘ओटीपी पाठवला आहे’ ही ओळ ‘रोल’ला ‘स्टेटस’ दिलेल्या जागेत टाका. मात्र ती जागा पान उघडतानाच रिकामी तयार हवी. संदेशासकट नव्याने घातली तर काही ब्राउझरांत ती बोललीच जात नाही.

कॅप्चा. वेडीवाकडी अक्षरे ओळखा म्हणणे म्हणजे अंध माणसाला दाराबाहेर ठेवणे. ऐकण्याचा पर्याय दिला तरी बहिरे-अंध राहिलेच, आणि इंग्रजी उच्चार कळणेही आले. छोट्या साइटला बहुतेक वेळा एक लपवलेला रकाना पुरतो : माणूस तो भरत नाही, यंत्र भरते आणि पकडले जाते. तो स्क्रीन रीडरपासूनही लपवायला विसरू नका, नाहीतर नेमका अंध माणूसच ‘यंत्र’ ठरतो.

प्रश्न : एक ओळीचा कोड टाकला की साइट आपोआप सुलभ होते, अशी जाहिरात करणारी विजेट्स घ्यावीत का?
– हॉटेल व्यावसायिक, पणजी

उत्तर : नाही. कोपऱ्यातल्या चिन्हातून अक्षरे मोठी करणे, रंग उलटे करणे या सोयी ब्राउझरमध्ये आणि मोबाइलमध्ये आधीपासून आहेत. ज्याला लागतात त्याने त्या लावलेल्याच असतात. लेबल नसलेल्या रकान्याचा अर्थ विजेटला ठाऊक नसतो, तो अंदाज करतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये अशाच दाव्यांवरून एका विजेट कंपनीविरुद्ध दहा लाख डॉलरची कारवाई जाहीर केली. तुमच्या खोल्या आरक्षित करण्याचा अर्ज दुरुस्त करण्यात तेच पैसे घाला.

प्रश्न : मुखपृष्ठावर धावती पट्टी आहे. संचालकांना ती फार प्रिय आहे.
– साइट सांभाळणारे, सहकारी संस्था, सोलापूर

उत्तर : राहू द्या, पण थांबवायचे बटण द्या. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून जास्त हलणारी कोणतीही गोष्ट थांबवता आली पाहिजे, हा डब्ल्यूसीएजीचा सर्वांत खालच्या ‘ए’ पातळीचा नियम आहे. त्यातली सूचना खाली स्थिर यादीतही लिहा. संचालकांना हवे तर त्यांच्याच मोबाइलवर पट्टीतली लिंक बोटाने पकडून दाखवायला सांगा.

प्रश्न : फोटोंना पर्यायी मजकूर म्हणजे ‘ऑल्ट’ लिहायचा, हे कळले. पण काय लिहायचे?
– आंबा बागायतदार, रत्नागिरी

उत्तर : फोटो काढून टाकला तर वाचकाचे काय हुकेल, ते लिहा. पेटीच्या फोटोला ‘आंबा’ हे अपुरे, ‘सोनेरी किरणांत न्हालेला कोकणचा राजा’ हे अघळपघळ. ‘गवतात रचलेले हापूस, पाच डझनांची लाकडी पेटी’ हे कामाचे. ‘फोटो’, ‘चित्र’ असे शब्द लिहू नका, ते चित्र आहे हे स्क्रीन रीडर आधीच सांगतो. फोटोवर टिचकी मारून दुसरे पान उघडत असेल, तर फोटोत काय आहे यापेक्षा कुठे जायचे ते लिहा : ‘पेटी मागवा’. नुसत्या वेलबुट्टीला ‘ऑल्ट’ द्या, पण रिकामा. गुणच गाळला तर फाइलचे नाव वाचले जाऊ शकते, ‘आयएमजी अंडरस्कोअर २०२४०४’ वगैरे.

आणि दरपत्रक. व्हॉट्सॲपवर फिरवलेले रंगीत चित्रच साइटवर चिकटवलेले असते. वजन, नग, दर यांचा खरा तक्ता करा. दर बदलला की चित्र नव्याने करायची कटकटही जाते.

प्रश्न : हे सगळे कायद्याने बंधनकारक आहे का, की ऐच्छिक?
– सनदी लेखापाल, ठाणे

उत्तर : दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, लागू एप्रिल २०१७ पासून. त्याच्या कलम ४२ मध्ये माहिती-तंत्रज्ञान सुलभ करण्याची जबाबदारी शासनावर आहे, आणि कलम ४६ ज्या सेवा पुरवणाऱ्यांवर सुलभतेचे बंधन घालते, ते सरकारी तसेच खासगीही आहेत. कलम ८९ खाली पहिल्या उल्लंघनाला १० हजार रुपयांपर्यंत दंड. पुढच्या प्रत्येकाला किमान ५० हजार, कमाल ५ लाख. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७८०२ हे मानक याच विषयाचे आहे. त्याची आखणी डब्ल्यूसीएजीला धरून असल्याने वर सांगितलेले बहुतेक काम दोन्हीकडे लागू पडते.

न्यायालयाने अलीकडे सूर कडक केला आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या नियमांतील नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण तो बंधन न घालता नुसत्या शिफारशी करत होता. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्या प्रकरणात ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्या स्त्रियांना ई-केवायसी करता येत नव्हते, कारण यंत्र ‘डोळे मिचकावा’ म्हणत होते. तुमचे अशील शेअर दलाल किंवा म्युच्युअल फंडवाले असतील, तर सेबीचे ३१ जुलै २०२५ चे परिपत्रक आधी वाचा.

तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करता येते. महाराष्ट्रात हे कार्यालय पुण्यात आहे. आणि युरोपातल्या ग्राहकांना ऑनलाइन विक्री करणाऱ्या अशिलाला सांगा, की तिथला सुलभता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला आहे.

प्रश्न : पाककृतींच्या व्हिडिओंना मराठी उपशीर्षके जोडली, पण पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हे येतात.
– गृहिणी, इंदूर

उत्तर : फाइल नोटपॅडमध्ये जतन करताना ‘एन्कोडिंग’ (अक्षरे साठवण्याची पद्धत) एएनएसआय राहिले. ते यूटीएफ-८ करून मजकूर पुन्हा चिकटवा आणि जतन करा. प्रश्नचिन्हे झालेल्या फाइलमधून अक्षरे परत मिळत नाहीत, मूळ मजकूर लागेल. उपशीर्षकांच्या फाइली दोन प्रकारच्या : एसआरटी फाइलमध्ये सेकंदांनंतर स्वल्पविराम असतो (००:०१:१२,५००), व्हीटीटीमध्ये टिंब, आणि दोन्हींत आकडे इंग्रजीच टंकायचे. एका वेळी दोनच ओळी, ओळीत पस्तीस-चाळीस अक्षरे. बोलण्याबरोबर महत्त्वाचे आवाजही लिहा : ‘[मोहरी तडतडते]’. कर्णबधिर बाईला हिंग कधी घालायचा ते त्यावरूनच कळणार आहे.